वाचकांचे प्रश्न : घरच्या बार्बेक्यू सॉसविषयी

घरी केल्या जाणाऱ्या सॉसविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेली पत्रे उघडली तेव्हा बहुतेकांनी बार्बेक्यू सॉसविषयीच विचारलेले दिसले, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. गेली दोन वर्षे मी बार्बेक्यू सॉस घरीच करते. बाटलीतल्या केचपऐवजी ताजे टोमॅटो वापरते. सॉस मुलांना इतका आवडतो की पातेले धुण्यापूर्वीच ती ब्रेडने पुसून घेतात. अडचण अशी की कृती तीच असूनही प्रत्येक वेळी चव निराळी येते. एकदा आंबट, एकदा नुसताच गोड, तर एकदा पाणचट. आमच्या घराचा म्हणून एकच एक सॉस असावा, अशी इच्छा आहे. भरवशाची कृती द्याल का?

उत्तर : तुमच्या पत्रातच दोषी सापडतो, आणि तो म्हणजे टोमॅटो. पिकलेल्या टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असते. उरलेल्या थोड्याशा भागात साखर किती आणि आम्ल किती, हे जातीनुसार, पिकण्याच्या अवस्थेनुसार आणि हंगामानुसार बदलत राहते. त्यामुळे ‘दीड किलो टोमॅटो’ असे मोजून घेतले, तरी पातेल्यात प्रत्यक्षात काय पडले, हे त्या मापाने कळत नाही. बाटलीतला केचप दर वेळी सारखा लागतो, कारण तो ठरलेल्या दाटपणापर्यंत आटवलेला असतो आणि त्यातली साखर व व्हिनेगर मोजून घातलेले असतात. तुम्हीही तेच करावे. कच्च्या टोमॅटोचे माप सोडून द्यावे आणि आटलेल्या गराचे माप धरावे.

त्यासाठी दीड किलो पूर्ण पिकलेले टोमॅटो चिरून, पाणी न घालता, रुंद तोंडाच्या पातेल्यात मऊ होईपर्यंत शिजवावेत. गाळणीवर घासून साल आणि बिया काढाव्यात, आणि उरलेला रस मध्यम आचेवर मोजून अडीच कप, म्हणजे ६०० मिलिलिटर होईपर्यंत आटवावा. याला पाऊण तास लागेल किंवा त्याहून अधिक. घड्याळ पाहू नये, माप पाहावे. हा गर आदल्या दिवशी करून ठेवला तरी चालतो. वेळ नसेल तेव्हा दोन कप केचप घेण्यात कमीपणा मुळीच नाही. फक्त केचपमध्ये वजनाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा साखर आधीच असते, म्हणून पुढे सांगितलेली साखर निम्मी करावी, व्हिनेगर थोडे कमी घ्यावे आणि मीठ अगदी शेवटी, चाखूनच घालावे.

आता सॉस. जाड बुडाच्या स्टीलच्या किंवा एनॅमलच्या पातेल्यात दोन मोठे चमचे लोणी किंवा तेल घ्यावे आणि त्यात एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरून मंद आचेवर परतावा. कांदा पारदर्शक आणि मऊ झाला पाहिजे, तांबूस होता कामा नये. तांबूस झालेल्या कांद्याचा खमंगपणा चांगला असला, तरी या सॉसमध्ये तो टोमॅटोवर मात करतो. (ॲल्युमिनियमचे किंवा बिनकल्हईचे तांब्याचे भांडे मात्र टाळावे, व्हिनेगर आणि टोमॅटो त्याच्याशी भिडले की सॉसला धातूची चव येते.) कांदा मऊ झाल्यावर लसणाच्या चार पाकळ्या ठेचून घालाव्यात. त्यांचा कच्चा वास गेला, की दोन लहान चमचे स्मोक्ड पॅप्रिका (धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड), एक लहान चमचा काळ्या मिरीची पूड आणि पाव चमचा तिखट घालून केवळ अर्धा मिनिट हलवावे. मसाल्यांतील सुगंधी द्रव्ये आणि मिरचीतील कॅप्सेसिन पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चांगली विरघळतात. मसाला नंतर पातळ सॉसमध्ये टाकला तर तो वर तरंगत राहतो आणि जिभेला पुडीसारखा लागतो. मात्र अर्ध्या मिनिटाचे दीड मिनिट झाले, तर पॅप्रिका करपून कडू होते आणि तो कडवटपणा पुढे कितीही साखर घातली तरी जात नाही.

लगेच टोमॅटोचा गर ओतावा. त्यामागोमाग १०० ग्रॅम ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे मोलॅसिस (साखर करताना उरणारा काळसर, दाट पाक), एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस, दीड लहान चमचा मीठ आणि अर्धा कप, म्हणजे १२० मिलिलिटर ॲपल सायडर व्हिनेगर घ्यावे. परंतु व्हिनेगरचे दोन भाग करून दोनतृतीयांश आता आणि उरलेले शेवटी घालावे. सुरुवातीला घातलेल्या व्हिनेगरचा नाकाला झोंबणारा उग्रपणा शिजताना उतरतो आणि आंबटपणा सॉसमध्ये मुरतो. शेवटी घातलेले व्हिनेगर सॉसला तजेला देते. मोलॅसिस मिळाले नाही, तर गडद ब्राउन शुगर घ्यावी. ब्राउन शुगर म्हणजे बहुधा पांढरी साखर आणि थोडे मोलॅसिस यांचे मिश्रणच असते, त्यामुळे चवीत मोठा खंड पडत नाही.

झाकण तिरपे ठेवून मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे शिजवावे आणि अधूनमधून तळापासून हलवावे. दाट सॉसचे बुडबुडे फुटताना शिंतोडे उडतात आणि हातावर चांगलेच भाजतात, म्हणून लांब दांड्याचा चमचा घ्यावा. शेवटच्या पाच मिनिटांत दोन लहान चमचे तयार मोहरी-पेस्ट आणि राखून ठेवलेले व्हिनेगर घालावे. मोहरीचा झणका उडून जाणारा असतो. तो फार वेळ शिजवला की केवळ पिवळा रंग उरतो.

सॉस झाला हे कसे ओळखावे? चमचा बुडवून बाहेर काढावा, उलटा करावा आणि त्याच्या पाठीवर बोटाने एक रेघ ओढावी. रेघेच्या दोन्ही कडा जागच्या जागी राहिल्या आणि वरचा सॉस ओघळून मध्ये आला नाही, म्हणजे झाला. गरम सॉस आपल्याला हवा त्यापेक्षा किंचित पातळ असतानाच आच बंद करावी, कारण थंड झाल्यावर तो आणखी दाटतो. गुळगुळीत हवा असेल तर कोमट झाल्यावर मिक्सरमधून काढावा. उकळता सॉस मिक्सरच्या बंद भांड्यात घातला तर वाफेने झाकण उडते. या प्रमाणात साधारण ७०० मिलिलिटर सॉस होतो.

आणि एक वही ठेवावी. तुमच्या घराचा सॉस कोणता, हे मी ठरवू शकत नाही, पण तो कसा सापडेल एवढे सांगू शकते. प्रत्येक खेपेला एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते लिहावे. साखर कमी केली, तर त्या दिवशी व्हिनेगरला हात लावू नये. एकाच दिवशी तीन गोष्टी बदलणाऱ्याला सॉस आवडला तरी का आवडला हे कळत नाही, आणि बिघडला तर का बिघडला हेही नाही. माझ्या स्वतःच्या वहीत एका पानावर ‘फार छान झाला’ एवढेच लिहिलेले आहे. त्या दिवशी पातेल्यात काय काय घातले होते, याची नोंद नाही. तो सॉस मला पुन्हा कधीही जमलेला नाही.

प्रश्न : सॉस उत्तम होतो, पण चिकनला लावून भाजायला ठेवले की बाहेरून काळा पडतो आणि आतून मांस कच्चे राहते. मी चिकन रात्रभर सॉसमध्येच मुरवून ठेवते. आच कमी करून पाहिली, तरीही तेच.

उत्तर : मुरवण्यासाठी हा सॉस वापरू नये, हे पहिले. साखर जास्त असलेला सॉस भाजण्याच्या सुरुवातीपासून आचेवर राहिला, तर तो करपणारच. साधी साखर १६० अंश सेल्सिअसच्या आसपास करपण्याच्या दिशेने निघते. मधात व मोलॅसिसमध्ये असणारी फळशर्करा, म्हणजे फ्रुक्टोज, ११० अंशांच्या आसपासच रंग धरू लागते. निखाऱ्यांवरील जाळीचे तापमान २०० अंशांच्या पुढे सहज जाते. चिकनची तंगडी आतपर्यंत शिजायला अर्धा-पाऊण तास लागत असताना सॉसला इतका वेळ तग धरणे शक्यच नाही. तुम्ही आच कमी केलीत, परंतु सॉस मात्र पहिल्या मिनिटापासून तिथेच होता.

चिकनला आधी मीठ, मिरी आणि पॅप्रिका एवढेच कोरडे चोळावे आणि निखाऱ्यांच्या बाजूला, थेट आचेवर न ठेवता, जवळजवळ पूर्ण शिजू द्यावे. शेवटची १० ते १५ मिनिटे उरली, की सॉसचा पातळ थर ब्रशने लावावा, तीन-चार मिनिटांनी उलटवून दुसरा थर लावावा आणि जमल्यास तिसराही. पातळ थर एकावर एक चढत गेले की त्यांना ओल्या लाखेसारखी चकाकी येते आणि बोट लावले तर सॉस किंचित चिकटतो. हीच ती खूण. एकच जाड थर लावला तर तो वरून करपतो आणि खालून ओलाच राहतो. ओव्हनमध्येही क्रम हाच. कमी तापमानावर, म्हणजे ११०-१२० अंशांवर, कित्येक तास शिजवल्या जाणाऱ्या बरगड्यांना मात्र सॉस शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात लावला तरी चालतो, कारण तिथे आच साखरेला सांभाळून घेते.

कातडीच्या रंगावरून चिकन शिजले असे समजू नये. सॉस लावलेल्या चिकनच्या बाबतीत तर मुळीच नाही. सर्वांत जाड भागात, हाडाला न लागता, थर्मामीटर खुपसून ७४ अंश सेल्सिअस तापमान आले आहे याची खात्री करावी. दुसरे असे, की कच्च्या मांसाला लागलेला ब्रश सॉसच्या भांड्यात बुडाला, तर ते भांडे पुढे जेवणाच्या टेबलावर जाता कामा नये. मी सुरुवातीलाच सॉस दोन वाट्यांत काढते, एक लावण्यासाठी आणि एक वाढण्यासाठी. लावण्याच्या वाटीत उरलेला सॉस टाकून देते. एकदा पाहुणे दारात आले असताना मी या दोन वाट्यांची अदलाबदल केली आणि कोणती कुठली हे आठवेना, म्हणून अखेर दोन्ही ओतून दिल्या. त्या दिवशी चिकन सॉसशिवाय जेवले गेले. तेव्हापासून वाढण्याची वाटी पांढरी आणि लावण्याची स्टीलची, असा आमच्या घरातील नियम आहे.

प्रश्न : आमच्याकडे सासऱ्यांना गोड सॉस हवा असतो आणि मुलीला आंबट-तिखट. मी पातेल्यातून चमच्याने चाखून मधला मार्ग काढते, तरी जेवताना दोघेही नाराज. पातेल्यात बरोबर लागलेली चव ताटात बदलते, असे होते का?

उत्तर : होते, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण तापमानाचे. गोडी कोमट पदार्थात अधिक जाणवते आणि थंड पदार्थात कमी, हा जिभेचाच धर्म आहे; वितळलेले आइस्क्रीम अतिगोड लागते ते त्यामुळेच. शेगडीवरच्या सॉसमध्ये बरोबर लागलेली साखर सॉस निवल्यावर तोकडी वाटते आणि आंबटपणा पुढे येतो. म्हणून चमचाभर सॉस बशीत पसरवून तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मगच निर्णय घ्यावा.

दुसरे कारण माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे, ते म्हणजे सॉस चमच्यावर चाखू नये, घासावर चाखावा. नुसता चाटला असता जो सॉस अगदी समतोल लागतो, तो भाजलेल्या मांसाबरोबर किंवा उकडलेल्या बटाट्याबरोबर फिका पडतो. चरबी, पिष्ट आणि भाजल्याचा धूर हे सगळे त्याची धार बोथट करतात. उलट नुसता चाटताना डोळे मिटायला लावणारा आंबट सॉस चरबीदार मांसाच्या घासात नेमका बसतो. त्यामुळे पातेल्याशेजारी शिजलेल्या चिकनचा एखादा तुकडा, मशरूम किंवा निदान ब्रेडचा तुकडा ठेवावा आणि त्याला सॉस लावून चव घ्यावी. चिकनच्या छातीच्या मांसाबरोबर सॉस थोडा गोडसर चालतो. बरगड्या किंवा अन्य चरबीदार मांस असेल तर आंबट बाजूला झुकलेला बरा. भाजलेल्या मक्याला मीठ थोडे जास्त लागते.

सॉस ‘काहीतरी कमी’ लागत असेल, तर साखरेकडे वळण्यापूर्वी चिमूटभर मीठ घालून पाहावे. मीठ कडवटपणा दाबते आणि त्यामुळे असलेली गोडीच वर येते. आंबटपणा हाताबाहेर गेला असेल तर एक चमचा लोणी घोटून घ्यावे. सॉस गोलसर लागतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याचा उपाय सांगितला जातो. त्याने आम्ल कमी होते हे खरे, परंतु सॉस फसफसतो, जरा जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि सॉस टिकवून धरणारे आम्लच कमी होते. तो मार्ग मी घेत नाही. तिखट जास्त झाले असेल, तर पाणी घालून उपयोग होत नाही. टोमॅटोचा गर आणि थोडी साखर वाढवावी, कारण शिजवत राहिल्याने कॅप्सेसिन नष्ट होत नाही.

सासरे आणि मुलगी यांच्यातील तंट्याबद्दल म्हणाल, तर मधला मार्ग काढूच नये. साखर निम्मीच घालून मूळ सॉस करावा आणि तयार झाल्यावर त्याचे दोन भाग करावेत. एका भागात मोलॅसिस आणि उरलेली साखर घालून पाच मिनिटे शिजवावे. दुसऱ्यात व्हिनेगरचा एक चमचा आणि तिखट. काम दहा मिनिटांनी वाढते, पण दोघेही नाराज असण्यापेक्षा ते परवडते.

प्रश्न : आमच्याकडे निखाऱ्यांवर भाजण्याची सोय नाही, सर्व काही ओव्हनमध्ये किंवा तव्यावर होते. सॉसला धुराचा वास कसा आणावा?

उत्तर : तीन मार्ग आहेत. सर्वांत सोपा म्हणजे स्मोक्ड पॅप्रिका. स्पेनमधील एस्त्रेमादुरा प्रांतातील ला व्हेरा भागात मिरच्या ओक लाकडाच्या धुरावर हळूहळू वाळवून ही पूड करतात, आणि तिचा धूर सॉसमध्ये ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही. दुसरा मार्ग चिपोत्लेचा. चिपोत्ले म्हणजे झाडावर लाल होईपर्यंत पिकू दिलेली आणि मग धुरावर वाळवलेली हालापेन्यो मिरची. तिच्यामुळे धुराबरोबर तिखटपणाही येतो, तेव्हा मूळ तिखट वगळावे.

तिसरा मार्ग बाटलीतल्या द्रवरूप धुराचा. हे नाव ऐकून पुष्कळांना तो प्रयोगशाळेत बनवलेला कृत्रिम वास वाटतो. प्रत्यक्षात लाकूड जाळून निघालेला धूर थंड करून पाण्यात धरतात आणि त्यातील डांबर व राख गाळून काढतात. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील अर्नेस्ट राइट या औषधविक्रेत्याने १८९५ मध्ये तो विक्रीला आणला. वस्तू चांगली आहे, हात मात्र आखडता हवा. वर दिलेल्या प्रमाणाला पाव लहान चमचा पुरे. प्रथम तेवढाही घालू नये. चार-पाच थेंब घालून सॉस रात्रभर ठेवावा आणि सकाळी चाखावा. धुराचा वास मुरला की वाढल्यासारखा वाटतो आणि एकदा जास्त झाला की काढता येत नाही.

प्रश्न : सॉस लवकर दाट व्हावा म्हणून कॉर्नफ्लोअर लावले तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण करू नये. सॉसला चकाकी येते ती साखर आणि टोमॅटो आटल्याने. कॉर्नफ्लोअरने येतो तो खळीसारखा बुळबुळीतपणा. शिवाय आंबट सॉस पुन्हा गरम केला की पिष्टाची पकड सुटते आणि तो पातळ होतो. घाईच असेल तर अधिक रुंद पातेले घ्यावे किंवा दोन चमचे टोमॅटो पेस्ट घालावी.

प्रश्न : वर्षभराचा सॉस एकदाच करून बाटल्यांत भरून ठेवावा, असा विचार आहे. त्यात इतके व्हिनेगर असताना तो बाहेर टिकायला हरकत नसावी ना?

उत्तर : हरकत आहे. डबाबंद अन्नातील सर्वांत घातक विष निर्माण करणारा क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जीवाणू ४.६ पेक्षा कमी पीएच असलेल्या, म्हणजे पुरेशा आंबट, अन्नात वाढू शकत नाही. टोमॅटो स्वतः या रेषेच्या अगदी आसपास असतो, कधी अलीकडे तर कधी पलीकडे. कांदा आणि लसूण यांच्यात आम्ल फारच कमी असते. व्हिनेगरमुळे सॉस बहुधा सुरक्षित बाजूला येतो, पण तुम्ही एक कांदा वाढवला किंवा व्हिनेगर कमी केले, तर तो कुठे गेला हे जिभेला कळत नाही. बाटल्या फडताळात ठेवायच्या असतील तर तशा साठवणीसाठी तपासून प्रमाणित केलेली कृतीच जशीच्या तशी वापरावी लागते. वर मी दिलेली कृती त्यासाठी नाही.

घरच्या वापरासाठी असे करावे. काचेच्या स्वच्छ बाटल्या दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून निथळून घ्याव्यात. गरम काचेतच गरम सॉस भरावा, म्हणजे काच तडकत नाही. निवल्यावर, दोन तासांच्या आत, बाटल्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात. ४ अंश किंवा त्याहून कमी तापमानाला सॉस दोन ते तीन आठवडे चांगला राहतो. त्याहून अधिक साठवण हवी असेल तर फ्रीझर वापरावा. बर्फाच्या साच्यात गोठवून तुकडे पिशवीत भरून ठेवले, तर तीन महिन्यांपर्यंत चवीत फरक जाणवत नाही आणि हवे तेवढेच काढता येतात. फ्रीझरमध्ये काचेची बाटली ठेवायची असेल तर ती काठोकाठ भरू नये.

बाटलीत नेहमी कोरडा, स्वच्छ चमचा घालावा. एकदा ताटाला लागलेला चमचा पुन्हा आत गेला, तर दोन-तीन आठवड्यांचा हिशेब धरू नये. झाकण फुगले, उघडताना हवा सुटली, बुडबुडे दिसले किंवा कडेला बुरशीचा एखादा ठिपका जरी आला, तरी वरचा भाग काढून खालचा वापरण्याचा मोह टाळून सगळा सॉस टाकून द्यावा.

प्रश्न : घरात दहा महिन्यांचे बाळ आहे आणि जाऊबाई शाकाहारी आहेत. या सॉसमध्ये त्यांना न चालणारे काही असते का?

उत्तर : असते. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, आणि मध घातलेला सॉसही देऊ नये. मधात असू शकणारे बॉट्युलिनमचे बीजाणू घरच्या उकळीने मरत नाहीत. तसे पाहता, मध नसला तरी इतके मीठ, साखर आणि तिखट असलेला सॉस दहा महिन्यांच्या बाळासाठी नव्हेच. जाऊबाईंसाठी वूस्टरशर सॉसकडे लक्ष द्यावे, कारण त्यात अँकोव्ही नावाचे लहान मासे आंबवून घातलेले असतात. त्याऐवजी सोया सॉसचा एक चमचा आणि चिंचेच्या कोळाचे काही थेंब घातले, तर खारट-आंबट खोली तशीच येते. वूस्टरशरमध्येही चिंच असतेच. सोया सॉस घेताना मीठ कमी करावे. कोणाला गव्हाची किंवा मोहरीची ॲलर्जी असेल, तर सोया सॉस, माल्ट व्हिनेगर आणि मोहरी-पेस्ट यांची लेबले वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न : मी टोमॅटोशिवाय, नुसत्या व्हिनेगरचा सॉस केला तर घरच्यांनी ‘हा बार्बेक्यू सॉसच नाही’ असे म्हटले. खरा बार्बेक्यू सॉस कोणता?

उत्तर : तुमच्या घरच्यांनी हे वाक्य अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पूर्व भागात म्हटले असते, तर त्यांना जेवायला मिळाले नसते! तिथे व्हिनेगर, मिरची, मिरी आणि मीठ यांचा पाण्यासारखा पातळ सॉस हाच सॉस मानतात, आणि टोमॅटोचे नाव काढलेले खपत नाही. त्याच राज्याच्या पश्चिमेकडे, लेक्सिंग्टनच्या परिसरात, त्याच मिश्रणात थोडे केचप घालतात. एवढ्या फरकावरून तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला आहे. साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस आहे, आणि त्याचे मूळ तिथे वसलेल्या जर्मन कुटुंबांच्या मोहरीप्रेमात शोधले जाते. अलाबामा राज्यातील डिकेटर येथे बॉब गिब्सन यांनी १९२५ च्या सुमारास मेयोनेज आणि व्हिनेगरचा पांढरा सॉस सुरू केला. धुरावर शिजलेले अख्खे चिकन ते त्यात बुडवून काढत. दाट, गोड, तांबूस काळा सॉस हा कॅन्सस सिटीचा, आणि बाटल्यांतून जगभर पोहोचल्यामुळे तोच ‘खरा’ वाटू लागला.

तुमच्या पातळ सॉसची गफलत बहुधा इतकीच झाली असेल, की तो वरून लावण्यासाठी किंवा बुडवून खाण्यासाठी वाढला गेला. तो असतो हातांनी मोकळ्या केलेल्या, मऊ शिजलेल्या चरबीदार मांसात कालवण्यासाठी, म्हणजे तो प्रत्येक तंतूपर्यंत जातो. पुढच्या वेळी तसा देऊन पाहा.

प्रश्न : पुढील महिन्यात घरी पंचवीस माणसे जेवायला आहेत. सगळे प्रमाण तिप्पट केले की झाले ना?

उत्तर : जेवणात मांसाच्या जोडीला माणशी तीन ते चार मोठे चमचे सॉस धरला, तर पंचवीस माणसांना दीड लिटर पुरतो; भाजताना लावण्याचा वेगळा धरून दोन लिटर करावा. म्हणजे तिप्पट हे तुमचे गणित बरोबर आहे. गर, साखर, मोलॅसिस आणि कांदा तिप्पटच घ्यावेत. तिखट, धूर, मिरी आणि मीठ मात्र आधी दुप्पट घालून बाकीचे चाखत वाढवावे, कारण मोठ्या पातेल्यात चुकलेले मीठ दुरुस्त करायला आणखी एक पातेले सॉस लागतो. व्हिनेगरचा शेवटचा भागही थोडा थोडाच घालावा.

वेळेचे गणित मात्र तिप्पट नसते आणि तेवढेच राहतही नाही. पाणी आटते ते पृष्ठभागावरून. उंच पातेल्यात तिप्पट सॉस भरला, तर खाली तो तळाला लागत असतो आणि वर पाणी तसेच असते. शक्य असल्यास दोन रुंद पातेल्यांत विभागून दोन शेगड्यांवर करावा. शेवटी दोन्ही एकत्र ओतून घोटावा, म्हणजे एका टेबलावर एक चव आणि दुसऱ्यावर दुसरी असे होणार नाही. तळाला लागलेच, तर चमच्याने खरवडू नये; वरचा सॉस अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा आणि तळ जागच्या जागी सोडून द्यावा. सॉस दोन दिवस आधी केला तर अधिक बरा. तो मुरतो, आणि चव सुधारायला तुमच्या हातात एक पूर्ण दिवस राहतो.